जूनमध्ये मत द्यायला कशाला जायचं?

न्यू जर्सीतल्या एडिसन, वुडब्रिज, साउथ ब्रन्स्विक भागातले मराठी मतदार दर वर्षी विचारतात, "नोव्हेंबरमध्ये मत देतोच की, मग जूनची प्रायमरी कशाला?" प्रायमरी म्हणजे नोव्हेंबरसाठी पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक. तिच्याबद्दल सविस्तर सांगतो.

ही गावं ज्या मिडलसेक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हाच) येतात, तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचं इतकं वर्चस्व आहे की काउंटी कमिशनरच्या, म्हणजे काउंटीचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या सदस्यांच्या, जागांचा निकाल जूनमध्येच ठरल्यासारखा असतो. सात कमिशनर, मुदत तीन वर्षं, दर वर्षी त्यातल्या दोन-तीन जागा मतदानाला. काउंटीचे रस्ते, बागा, तुरुंग, एडिसनमधलं मिडलसेक्स कॉलेज यांचा पैसा याच मंडळाच्या हातात. तुमच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर काउंटीचा वेगळा आकडा असतो, तो यांचाच.

एडिसनचा महापौरही पक्षाच्या तिकिटावर निवडला जातो. 2005 साली जुन चोई यांनी विद्यमान महापौर जॉर्ज स्पाडोरो यांना हरवलं ते प्रायमरीत. चार वर्षांनी चोई स्वतः हरले, तेही प्रायमरीतच. जर्सी सिटीत मात्र महापौराची निवडणूक पक्षविरहित असते, त्यामुळे तिथून इकडे राहायला आलेल्यांच्या हे लक्षातच येत नाही.

आता मुख्य बदल. पूर्वी राज्याच्या 21 पैकी 19 काउंट्यांत मतपत्रिकेवर 'काउंटी लाइन' असायची. पक्षसंघटनेने पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार, सिनेटरपासून गावच्या कौन्सिलपर्यंत, एकाच ओळीत किंवा रकान्यात. बाकीचे कुठेतरी कडेला. आपल्याकडच्या साखर कारखान्याच्या निवडणुकीतलं पॅनेलच, फक्त इथे ते सरकारी मतपत्रिकेवरच छापलेलं! तेव्हा सिनेटच्या प्रायमरीत उभे असलेले अँडी किम यांच्या दाव्यात 29 मार्च 2024 रोजी फेडरल न्यायाधीशांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी हे थांबवलं, आणि 2025 मध्ये राज्याने कायदाच बदलला. आता प्रत्येक पदाचा वेगळा चौकोन आणि त्यात त्या पदाचे सगळे उमेदवार. माझ्या मते इथल्या स्थानिक राजकारणातली कित्येक वर्षांतली ही सर्वात चांगली गोष्ट आहे. पण त्यामुळे काम तुमच्यावर आलं. नावाखाली सहा शब्दांपर्यंतची घोषणा छापता येते आणि संघटनेचे उमेदवार तिथे संघटनेचं नाव लावतात. ते वाचा, पण तेवढ्यावर ठरवू नका. घरी आलेली नमुना मतपत्रिका फेकून न देता एकेक पद आदल्या दिवशी नक्की करा.

लोक अडकतात ते नोंदणीत. मतदार नोंदणी प्रायमरीच्या 21 दिवस आधी झालेली हवी. मतदार नोंदणीत तुमच्या नावापुढे पक्ष नोंदवलेला नसेल तर मतदानाच्या दिवशी केंद्रावरच पक्ष निवडता येतो, आणि तिथून पुढे तुमची नोंद त्या पक्षात राहते. पण दुसऱ्या पक्षात नाव असेल तर बदलाचा फॉर्म 55 दिवस आधी द्यावा लागतो. ही तारीख एप्रिलमध्येच निघून जाते. टपालाने मत देणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: पक्ष नोंदवलेला नसेल तर प्रायमरीची मतपत्रिका घरी येतच नाही, मग तुमचं नाव टपाली मतदारांच्या कायम यादीत का असेना.

ग्रीन कार्ड किंवा एच-वन व्हिसा असलेल्यांनी, म्हणजे अजून नागरिक नसलेल्यांनी, मोटार वाहन कार्यालयात लायसन्स करताना स्क्रीनवरचे मतदार नोंदणीचे प्रश्न नीट वाचून उत्तर द्यावं. चुकून नोंदणी झाली आणि मत दिलं, तर पुढे नागरिकत्व मिळणं धोक्यात येतंच, देशाबाहेर काढण्यापर्यंतही वेळ येऊ शकते.

मतपत्रिकेच्या तळाशी 'काउंटी कमिटी', म्हणजे पक्षाची स्थानिक समिती, असते. तिच्याकडे जवळजवळ कुणी बघत नाही आणि मला सर्वात जास्त वाईट वाटतं ते याचंच. प्रत्येक मतदान विभागातून साधारण दोन सदस्य. हेच लोक पक्षाचा काउंटी अध्यक्ष निवडतात. आमदाराने मधेच राजीनामा दिला तर त्या मतदारसंघातले हेच सदस्य बदली माणूस ठरवतात. गावच्या कौन्सिलची जागा रिकामी झाली तर त्या गावातले सदस्य तीन नावं सुचवतात. इतका अधिकार, आणि अनेक विभागांत एकच अर्ज, कुठे तर तोही नाही. उभं राहायचं असेल तर अर्ज गावच्या क्लार्ककडे मिळतो. सह्या तुमच्याच विभागातल्या आणि त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकणाऱ्या मतदारांच्या हव्यात. पलीकडच्या गल्लीतले शेजारी बरेचदा दुसऱ्या विभागात निघतात आणि त्यांच्या सह्या बाद होतात, म्हणून आधी क्लार्ककडून मतदार यादी घ्या आणि लागतात त्याहून थोड्या जास्तच सह्या जमवा.