लस घेऊनही झालंच कसं? तुम्ही विचारलंत म्हणून

‘लस टोचली होती, तरी झालंच. मग उपयोग काय?’ मी रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आहे, त्यामुळे लग्नाच्या पंगतीतही मला हा प्रश्न गाठतो. विषय बहुधा न्यूमोकॉकसच्या, म्हणजे न्यूमोनिया आणि मेंदूज्वर घडवणाऱ्या जिवाणूच्या लसीचा असतो. ‘कुठलीच लस शंभर टक्के नसते’ म्हणून सुटता येतं, पण त्या उत्तरानं माझंच समाधान होत नाही.

न्यूमोकॉकस हे नाव एक, पण त्याच्या अंगावरचं साखरेचं आवरण शंभराहून जास्त तऱ्हांचं. लसीमुळे तयार होणाऱ्या अँटीबॉडीज ते आवरण ओळखतात. 14 क्रमांकाच्या आवरणासाठी घडलेल्या अँटीबॉडीज 15बी या दुसऱ्या प्रकाराला हात लावत नाहीत. लसीत मावतात ते निवडक प्रकार. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या न्यूमोसिल या लसीत 10 आहेत.

एका बाळाच्या पाठीतलं पाणी आमच्याकडे आलं. ब्लड अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या रक्तमिश्रित प्लेटवर, हिरवट कडेच्या, मध्ये खोलगट वसाहती. न्यूमोकॉकसला रोखणाऱ्या ऑप्टोचिनच्या चकतीभोवती स्वच्छ गोल. न्यूमोकॉकसच, शंका उरली नाही. दुपारी बाळाचे वडील लॅबच्या खिडकीशी आले. लसीकरणाचं कार्ड त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने, प्रत्येक तारखेवर बोट ठेवत म्हणाले, “मॅडम, एकही चुकवली नाही हो. मजुरी बुडवून नेलंय.” प्रकार कुठला ते तेव्हा कळलं नव्हतं, म्हणून मी काहीच बोलले नाही. नमुना प्रकार ओळखून देणाऱ्या रेफरन्स लॅबला गेला. उत्तर आलं तोवर बाळ वाचलं होतं, पण त्याला ऐकू येईनासं झालं होतं. उत्तर होतं 15बी. लसीत नसलेला. मी ते वडिलांना सांगितलं. त्यांनी विचारलं, “मग तो का नाही घातला?”

का नाही? लस बनवणाऱ्यांवर चिडण्याआधी हे बघा. अमेरिकेत 2000 साली 7 प्रकारांची लस आली. त्या सातांचे गंभीर आजार झपाट्यानं उतरले आणि लसीत नसलेला 19ए वर आला. 2010च्या 13 प्रकारांच्या लसीत त्याला घेतलं. न्यूमोसिलमध्येही तो आहे. शिवाय त्या सातांतले 4 आणि 18सी वगळून आशिया-आफ्रिकेत जास्त त्रास देणारे 1 आणि 5 घेतलेत. कुठल्या देशात कुठला प्रकार फिरतोय हे आमच्यासारख्या लॅबनी कल्चर लावलं, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवले, आणि पुढे पाठवलं, तरच कळतं. आणि आपल्याकडे कितीतरी मुलांना कल्चरच्या आधीच अँटिबायोटिक मिळालेलं असतं, मग प्लेटवर काही उगवतच नाही.

शिकत असताना मी तावातावानं म्हणायचे, आवरणं मोजत कशाला बसायचं, सगळ्यांत सामाईक असलेलं एखादं प्रथिन धरा. आजही मला तो रस्ता पटतो. पण तशी लस अजून बाजारात आलेली नाही, आणि तोवर साखरेच्या आवरणावर बेतलेल्या याच लसींनी असंख्य मुलं वाचवली आहेत. मग 20 प्रकार घाला म्हणावं, तर किंमत चढते, शिवाय जुन्या प्रकारांना मिळणारा प्रतिसाद थोडा उतरलेला दिसतो. कुणाला घ्यायचं, कुणाला सोडायचं?

माझ्या भाचीच्या मुलाला मी स्वतः नेऊन तिन्ही डोस दिलेत, उद्याही देईन. त्या वडिलांना मात्र हे सगळं सांगूनही त्यांच्या ‘का नाही घातला’चं उत्तर मिळालं, असं मला वाटत नाही.