आम्ही मानत नाही, पण...

मांजर आडवं गेलं तर सात पावलं मागे जायचं, की दुसरं कुणीतरी पुढे जाईपर्यंत थांबायचं, यावर घरोघरी मतभेद आहेत. मला दुसरी पद्धत जास्त गमतीची वाटते. अपशकुन टळत नाहीच, तो फक्त मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या गळ्यात जातो.

भोगतं मात्र पार्किंगमध्ये जन्मलेलं काळं पिल्लू. सोसायटीतल्या मनीची पिल्लं दोनेक महिन्यांची झाली की त्यांना घर मिळावं म्हणून मी व्हॉट्सॲपवर त्यांचे फोटो फिरवू लागते. केशरी आधी जातं, मग पांढरं, मग पट्टेरी. काळं उरतं. फोन करणारा कधीच म्हणत नाही की मी अंधश्रद्धाळू आहे. "आम्ही नाही हो मानत असलं काही, पण सासूबाईंना चालणार नाही." सासूबाईंना विचारावं तर, "माझं काही नाही गं, शेजारपाजारचे बोलतात." शेजारपाजारच्यांचंही काही नसतं, त्यांच्याकडे गावाहून येणारे पाहुणे मानतात. या समजुतीचा पत्ता कायम पलीकडच्या घराचा!

थोडा दोष फोटोचाही. घाईत काढलेल्या फोटोत काळं पिल्लू म्हणजे एक डाग आणि दोन पिवळे डोळे. तेच खिडकीशी फिकट चादरीवर बसवलं, उजेड समोरून घेतला, की मिशा दिसतात, नाक दिसतं, भाव दिसतो. उन्हात लोळणाऱ्या काळ्या मांजराच्या अंगावर तांबूस झाक चढते, तीही दिसते.

बरं, काळ्या रंगाशी आपलं वैर आहे म्हणावं, तर तसंही नाही. बाळाच्या गालाला तीट, पायात काळा दोरा, मंगळसूत्रात काळे मणी, नव्या बांधकामावर काळी बाहुली, संक्रांतीला काळी साडी. दृष्ट अडवायला काळा, आणि तोच रंग चार पायांवर चालत आला की दार बंद. २००८ साली मुंबईवर हल्ला झाला तेव्हा काळ्या गणवेशातले एनएसजीचे जवान आले. त्यांना सगळा देश ब्लॅक कॅट कमांडो म्हणतो. नरिमन हाउसची कारवाई संपली तेव्हा लोकांनी जयजयकार केला; सात पावलं मागे कुणी सरकलं नाही.

बंगालमध्ये तर लेकराबाळांना जपणाऱ्या षष्ठीदेवीचं वाहनच मांजर आहे. तिथल्या व्रतकथेतली सून चोरून खाते आणि आळ काळ्या मांजरावर घालते. मांजर देवीकडे तक्रार नेतं आणि देवी चक्क मांजराची बाजू घेते. ही कथा आमच्या सासूबाईमंडळात वाचायला हवी.

कधीतरी उलटा फोनही येतो: "फक्त काळंच हवं." तेव्हा आनंद नव्हे, धास्ती वाटते. अमावस्या कधी आहे ते आधी बघते, मग घर, माणसं, लसीकरण, नसबंदी, सगळ्याची उलटतपासणी. अशाच एका गॅरेजवाल्या दादांना विचारलं, काळंच का? म्हणाले, "दर शनिवारी लिंबू-मिरची बदलावी लागते ताई. ही एकदा आणली की झालं." अंधश्रद्धा निर्मूलनाचं भाषण माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि लसीचं कार्ड त्यांच्या हातात दिलं.