पार्लरचं "लायसन्स" नेमकं कशाला म्हणायचं?

सोलापुरात पार्लर सुरू करणारी प्रत्येक मुलगी पहिला प्रश्न हाच विचारते: ब्यूटिशियनचं सरकारी लायसन्स कुठं काढायचं? उत्तर ऐकून बऱ्याच जणी गोंधळतात. डॉक्टर, नर्स किंवा फार्मासिस्टची नोंदणी करणाऱ्या कौन्सिल असतात, तशी ब्यूटिशियनसाठी महाराष्ट्रात कोणतीही कौन्सिल नाही. म्हणजे व्यक्तीला मिळणारं लायसन्स असा प्रकारच नाही. "आमच्या कोर्सनंतर गव्हर्नमेंट लायसन्स मिळेल" असं सांगून कोणी फी घेत असेल, तर तिथं थांबा आणि नेमका कोणता कागद मिळणार, कोणाच्या सहीचा, ते आधी बघून घ्या.

भिंतीवर लावतात तो बहुतेक वेळा शॉप ॲक्ट. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाप्रमाणे दोन-तीन मुली कामाला असलेल्या पार्लरला नोंदणी प्रमाणपत्र घ्यावं लागत नाही. धंदा सुरू केल्यापासून 60 दिवसांच्या आत ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती ठेवायची, एवढंच. बँकेत करंट खातं उघडायला ही पावती चालते, पण तुम्हाला थ्रेडिंग येतं की नाही याच्याशी तिचा काडीचाही संबंध नाही. पाटीचं मात्र लक्षात ठेवा. 2022 च्या दुरुस्तीपासून छोट्या दुकानांचीही सूट गेली. नाव देवनागरीत, आधी मराठी, आणि मराठी अक्षरं इंग्रजीपेक्षा लहान नकोत. जुळे सोलापुरात आणि विजापूर रोडला अजूनही मोठं इंग्रजी आणि खाली बारीक मराठी अशा पाट्या दिसतात. नवीन पाटी करणार असाल तर पेंटरला हे आधीच सांगा, नाहीतर फ्लेक्सचे पैसे दोनदा जातात.

व्यवसाय कर मालकिणीचा वर्षाला 2500 रुपये. वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी. 22 सप्टेंबर 2025 पासून पार्लरच्या सेवांवर तो 18 ऐवजी 5 टक्के झाला, पण खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे मालावर भरलेला कर त्यातून वजा करता येत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची केंद्र सरकारकडची नोंदणी, फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

कोर्सच्या सर्टिफिकेटला किंमत आहे, पण सगळ्यांना सारखी नाही. आयटीआयचा कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड केला की राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचं (ही कौशल्याचं प्रमाणपत्र देते, लायसन्स नाही) असिस्टंट ब्यूटी थेरपिस्ट किंवा ब्यूटी थेरपिस्टचं प्रमाणपत्रही कामाचं. खासगी क्लासचं सर्टिफिकेट त्या क्लासच्या नावावर चालतं, बस.

खरा कायदा लागतो तो बाटलीला. कॉस्मेटिक्स रूल्स, 2020 प्रमाणे प्रत्येक डब्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि घटकांची यादी हवी. बाहेरून आलेला माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांकही. होलसेलवाल्याकडची बिनलेबलची "फॉर्म्युला क्रीम" घेऊच नका. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, कधी पारा. स्टिरॉइडनं पंधरा दिवसांत चेहरा उजळतो म्हणून गिऱ्हाईक खूष होतं. बंद केलं की लाली, पुरळ, पातळ झालेली कातडी आणि गालावर केस. पारा तर मूत्रपिंडावर जातो. कायद्यानं साध्या सौंदर्यप्रसाधनात नकळत आलेला पाराही दहा लाखात 1 भागाच्या वर चालत नाही.

आणखी एक चूक सर्रास होते. घरी केलेलं जास्वंदीचं तेल बाटलीत भरून, स्टिकर लावून काउंटरवर विकायचं. विक्रीसाठी भरणं आणि लेबल लावणं हेही कायद्यात "उत्पादन" धरतात, त्याला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. तयार मालाची नुसती विक्री करायला मात्र वेगळा परवाना लागत नाही.

केसांचा डाय आणि काळी मेंदी यांत बहुतेक वेळा पीपीडी असतं, म्हणजे काहींना जोरदार ॲलर्जी करणारं रंगाचं रसायन. अशा डायच्या डब्यावर आधी चाचणी घ्या, भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं, ही सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापणं बंधनकारक आहे. चाचणी म्हणजे कानामागे थेंबभर लावून 48 तास थांबणं. लग्नाच्या आदल्या दिवशी आलेल्या बाईला ही चाचणी होऊच शकत नाही, म्हणून तिला नवा डाय लावू नका. इंजेक्शन, पीआरपी (स्वतःच्याच रक्तातला भाग काढून टोचणं), लेझर, खोल केमिकल पील ही डॉक्टरांचीच कामं. तिथं हात घातला तर ते बेकायदा वैद्यकी होतं.

स्वच्छतेला मात्र कोणी तपासायला येत नाही, आणि आजार तिथूनच पसरतात. थ्रेडिंग करताना दोऱ्याचं टोक दातात धरलं की थुंकी दोऱ्यावरून भुवईवर जाते. टोक गळ्याभोवती अडकवून काम करायची सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्या. दोरा दर गिऱ्हाइकाला नवा. वॅक्स लावायची लाकडी पट्टी एकदा अंगाला लागली की परत भांड्यात बुडवायची नाही. कटर-प्लकर आधी साबणानं घासा, कारण रक्त-मळ असला तर ब्लीचचा (चेहऱ्याचं नव्हे, जंतू मारायचं हायपोक्लोराइट) जोर जातो. मग 5 टक्क्यांच्या हायपोक्लोराइटचा 1 भाग आणि पाणी 9 भाग, 10 मिनिटं. जास्त वेळ ठेवलं तर स्टील गंजतं. हे द्रावण रोज ताजं करा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 42 च्या वर जातो तेव्हा बाटलीतलं ब्लीचही लवकर मरतं, म्हणून लहान बाटली घ्या आणि उघडल्याची तारीख लिहा. निळ्या दिव्याची यूव्ही पेटी निर्जंतुक करत नाही. उजेड पडतो तेवढ्याच बाजूवर थोडा परिणाम होतो. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र) घेतलंत तर 121 अंश, 15 पौंड दाब, किमान 15 मिनिटं, आणि ती तापल्यानंतर मोजायची. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पेडिक्युअरच्या टबातलं पाणी दुसरीला वापरायचा मोह होतो. पाणी नसेल त्या दिवशी पेडिक्युअर घेऊ नका, ड्राय मॅनिक्युअर करा.

लग्न होऊन अमेरिकेला जाणाऱ्या मुलींसाठी थोडं. तिथं उलट आहे, प्रत्येक राज्याचं बोर्ड लायसन्स देतं आणि इथलं सर्टिफिकेट दाखवून काम करता येत नाही. टेक्सास आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडे कॉस्मेटॉलॉजीला 1000 तासांचं प्रशिक्षण लागतं. टेक्सासात नुसत्या थ्रेडिंगलाही 750 तासांची अट होती. ती 2015 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली. जाणार असाल तर क्लास सोडण्याआधी लेटरहेडवर विषयवार तास, तारखा आणि गुण लिहून सही-शिक्क्यासह इंग्रजीत घेऊन ठेवा. क्लास बंद पडला की हे कागद नंतर कोणी देत नाही.