स्वस्तातले शॉकअप चालतात का?

माझी यामाहा आरएक्स १०० पंपावर उभी केली की कोणी ना कोणी वाकून बघतंच. "मागचे शॉकअप बदललेत वाटतं. लोकल का? चालतात का हो?" ओळखीचे लोकही हेच विचारतात, फक्त गाडीचं नाव बदलतं. कुणाची पहिल्या पिढीतली स्प्लेंडर, कुणाची येझदी.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. चालतात. आरएक्सचं उत्पादन १९९६ साली थांबलं, म्हणजे त्यातली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता तिशीच्या आसपास आहे. अशा गाडीवर मूळचे, पण आतून संपलेले शॉकअप मिरवण्यापेक्षा नवे स्वस्त शॉकअप केव्हाही बरे. माझी जोडी कंपनीच्या भावाच्या निम्म्यात आली आणि ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांनी वाट लावलेल्या रस्त्यावर ती रोज जाते. मात्र दुकानात समोर येईल ती जोडी उचलायची नाही.

मुळात दोष शॉकअपचाच आहे ना, ते आधी बघा. टायरमध्ये हवा ठासून भरलेली असली तरी गाडी उडते. मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक दोन्ही हातांनी धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. खटखट लागली तर चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याचे) बुश किंवा चाकाच्या बेअरिंग बघा. तिथे नव्या शॉकअपने काही होणार नाही. मग सीट जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ऑइल अजून काम करतंय. झोक्यासारखी दोन-तीनदा हलली, किंवा रॉडवर ओलसर धूळ चिकटलेली दिसली, की समजा संपलं.

शॉकअपमध्ये कामं दोन. वजन पेलते ती स्प्रिंग. ती उसळी मारून परत येते तेव्हा तिला आवरायचं काम नळकांड्यातल्या ऑइलचं. बारीक भोकांतून ऑइल ढकलताना दट्ट्याची दमछाक होते आणि गाडी शांत बसते. स्वस्त मालात स्प्रिंग सहसा ठीक असते, कारण ती कमी पडली तर गाडी बसलेली लगेच दिसते आणि गिऱ्हाईक परत येतं. काटकसर होते ती आत, न दिसणाऱ्या ठिकाणी: ऑइल सील, झडपा आणि रॉडवरचं क्रोम. क्रोम पातळ असेल तर पावसाळ्यात रॉडवर गंज धरतो, तो गंज सील खरवडतो आणि ऑइल बाहेर येतं.

म्हणून काउंटरवरच तपासून घ्यायचं. शॉकअप जमिनीवर उभा धरा, नळकांडं खाली आणि रॉड वर, आणि अंगाचा भार टाकून दाबा. फार दबणार नाही, पण जेवढा दबेल तेवढा पुरे. सोडल्यावर टणकन उडाला तर आत नुसती हवा असल्यासारखंच आहे. थोडा रेंगाळत वर आला तर ठीक. एक गोष्ट लक्षात ठेवा: दुकानात आडवा पडलेला शॉकअप पहिल्या एक-दोन दाबांना गुळगुळ आवाज करत पोकळ लागतो, कारण आतल्या नळीत हवा शिरलेली असते. पाच-सहा वेळा दाबला की ती निघून जाते. नंतरही पोकळच लागला तर परत ठेवा. दोन्ही नग तपासा, एकाच खोक्यातले असले तरी.

बाजूला लाल-सोनेरी डबी लावलेली जोडी बघून पोरं भुलतात, "गॅसचे आहेत" म्हणतात. या भावात ती डबी बहुतेकदा शोभेची असते. वेगळं दिसावं म्हणून काही जण साधा ऑइलचा शॉकअप उलटा लावतात, तेही नको. उलटा केला की आतल्या नळीत ऑइलऐवजी हवा ओढली जाते.

सगळ्यात महत्त्वाची लांबी. वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत, जुन्या शॉकअपवर टेप लावून मोजा आणि आकडा लिहून घेऊन जा. "बसतंय, बसतंय" म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका, बसतं सगळंच. एक-दीड सेंटिमीटर लांब घेतला तर मेन स्टँडवर चाक जमिनीला टेकायला लागतं आणि साईड स्टँडवर गाडी जास्तच कलते. आखूड घेतला तर डबलसीट असताना टायर मडगार्डला घासतो. बुशचं भोक आणि जाडीही जुळली पाहिजे. जागा भरायला तीन-तीन वायसर घालावे लागत असतील तर तो शॉकअप तुमच्या गाडीचा नाही.

बसवणं घरच्या घरी होतं. गाडी मेन स्टँडवर घ्या आणि एका वेळी एकच बाजू सोडा, म्हणजे दुसरा शॉकअप चिमटा जागेवर धरून ठेवतो. भोक थोडं वरखाली असलं तर चाकाखाली लाकडाची फळी सरकवा. सोडायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, कारण डाव्या बाजूला शॉकअपच्याच बोल्टात साडीगार्डची पट्टी अडकवलेली असते आणि वायसर कुठला आत, कुठला बाहेर हे नंतर आठवत नाही. साडीगार्ड परत लावायचा बरं का. मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकलेला हवा, असं १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३व्या नियमात आहे, आणि ओढणी चाकात गेली तर काय होतं ते सांगायला नको.

नट आधी हातानेच फिरवा. गाडी स्टँडवरून उतरवा, वर कोणाला तरी बसवा, मगच पाना लावून आवळा. स्टँडवर असतानाच आवळला तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो. शेवटी चेनचा ढिलेपणा पुन्हा बघा, हेही कोणीतरी बसलेलं असतानाच.

स्प्रिंगच्या खालच्या टोकाला ती वर-खाली बसवायच्या खाचा असतात, त्यांच्याबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय. खाच चढवली की शॉकअप कडक होतो म्हणतात. स्प्रिंग जेवढी कडक आहे तेवढीच राहते. फक्त गाडीची पाठ थोडी वर येते आणि खड्ड्यात खाली टेकायला वाव मिळतो. एकट्याने फिरत असाल तर खालची खाच, रोज डबलसीट असेल तर एक-दोन वर. दोन्ही बाजूंना सारखी.

"कुठल्या कंपनीचे घेऊ?" यावर मी नाव सांगत नाही. नामांकित कंपन्यांच्या खोक्यात भलताच माल भरलेला मी पाहिलाय, आणि बिननावाचा एक जोड मित्राच्या गाडीवर अजून कोरडा आहे. बिल घ्या, हमी लिहून घ्या.

आणि जुनी जोडी भंगारात घालू नका. नळकांड्याला पोचे नसतील आणि रॉड सरळ, बिनगंजाचा असेल तर आमच्याकडे उद्यमनगरात लेथवर तोंड उघडून नवीन सील आणि ऑइल घालून देतात. अशी नीट भरलेली जुनी जोडी स्वस्तातल्या नवीनपेक्षा सरस निघू शकते. फक्त कारागीर कितपत जाडीचं ऑइल घालतोय ते विचारा. फार जाड भरलं तर स्प्रिंगला परत यायला वेळच मिळत नाही, आणि लागोपाठच्या खड्ड्यांत गाडी खालीच बसत जाते.