शुगरनं डोळ्याचा पडदा धरला, तीन इंजेक्शनचा माझा अनुभव

परभणी जिल्ह्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे, वय ५२, शुगर निघून ९ वर्षं झाली. गोळी चालू होती पण सीझनमधी कधी घेतली कधी राहिली. मागच्या जूनमधी पेरणीची गर्दी असताना उधारीची वही लिहायलो होतो, तर वहीतली आखलेली रेघ मधीच उचलल्यासारखी दिसायली, सरळ रेघेला टेंगूळ आल्यावानी. उजवा डोळा झाकला की रेघ वाकडी, डावा झाकला की सरळ. मग औषधाच्या डब्यावरची एक्स्पायरी वाचायला पण पोराला हाक मारायची वेळ आली. मला वाटलं नंबर वाढला, नवा चष्मा केला, १८०० रुपये गेले आणि रेघ वाकडीच.

शेवटी हिनं मागं लागून डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. ड्रॉप टाकून बाहुली मोठी करतात (त्या दिवशी गाडी चालवता येत नाही, उन्हात डोळा उघडत नाही, सोबत माणूस न्याच), मग मॅडमनी लाईट मारून पडदा बघितला आणि ओसीटी स्कॅन (पडद्याच्या थरांचा फोटो) केला. हनुवटी टेकवून एका ठिपक्याकडं बघायचं, बस. स्क्रीनवर डाव्या डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध जिथं खळगा असायला पाहिजे तिथं उंचवटा होता, आत पाणी भरलेलं.

मी म्हणलं मॅडम, शुगर रक्तात, मग डोळ्यात पाणी कुठून आलं? त्यांनी गर्दी असून पण नीट बसून सांगितलं. स्नायूच्या पेशीत साखर जायला इन्सुलिन लागतं, पण पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशींना ते लागत नाही, रक्तात जितकी जास्त तितकी सरळ आत शिरते, त्यांना दार लावताच येत नाही. आत गेलेली जादा साखर जाळता जाळता पेशीचं इंजिनच खराब होतं, घातक कण तयार होतात, थोडी साखर सॉर्बिटॉल होऊन आतच साचते. या नळ्यांना बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशी असतात, पेरिसाइट नावाच्या, त्या आधी मरतात. काका, तुम्ही ठिबकवाले ना, म्हणल्या, नळीची भिंत एका जागी पातळ झाली की फुगा येतो ना, तसा फुगा येतो आणि तिथून पाणी, चरबी झिरपते. काही नळ्या बंद पडतात, मग उपाशी राहिलेला पडदा व्हीईजीएफ नावाचं द्रव्य सोडतो, त्यानं गळती अजून वाढते आणि पुढं नव्या कच्च्या नळ्या उगवतात, त्या फुटल्या की डोळ्यात रक्त. आणि हे सगळं होताना दुखत काहीच नाही. ९ वर्षांत मला पडदा तपासा असं एकानं पण सांगितलं नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

ते व्हीईजीएफ अडवायचं इंजेक्शन डोळ्यात देतात, महिन्याला एक, सुरुवातीला तीन. रात्री झोप लागली नाही खरं सांगतो. पण बधिर करायचे थेंब टाकतात, पापणीला क्लिप लावतात, बुबुळाच्या बाजूला पांढऱ्या भागात सुई, नुसता दाब आल्यासारखं वाटतं आणि संपलं. दोन दिवस डोळा लाल आणि नजरेत काळे फुगे तरंगायले होते, ते गेले.

तीन महिन्याची सरासरी शुगर (एचबीए१सी) ९.८ होती ती ७.३ वर आली. तरी म्हणलं मॅडम, शुगर उतरली मग नजर पहिल्यासारखी का होईना? मेलेल्या पेरिसाइट परत येत नाहीत म्हणल्या, आणि जुन्या शुगरचा परिणाम पेशीत बरेच दिवस चालू राहतो, पण आता शुगर जितकी धराल तितक्या राहिलेल्या वाचतील. तिसऱ्या इंजेक्शननंतर स्कॅनमधला उंचवटा बराच बसलाय, वहीतली रेघ जवळजवळ सरळ, मधी थोडीशी लवते तेवढीच.

दसऱ्याच्या आठवड्यात धाकट्या भावाला बळंच सोबत नेलं. त्याला शुगर निघून ४ वर्षं झाली, दादा मला तर गावाच्या पाटीवरचं पण चकाचक दिसायलंय, काहून नेतोस म्हणायला. खालच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरं वाचली त्यानं. ड्रॉप टाकून बघितलं तर उजव्या पडद्यावर तीन बारीक लाल ठिपके निघाले, म्हणजे तेच नळीला आलेले फुगे. त्याला अजून इंजेक्शन नाही लागत, शुगर आणि बीपी आवळायला सांगितलंय आणि सहा महिन्यांनी परत बोलावलंय, तारीख मी माझ्याच वहीत लिहून ठेवलीय.