वासाचं बिऱ्हाड

मार्चमधली दुपार, तीनचा सुमार. बेळगावात टिळकवाडीत नाहीतर अनगोळला एखाद्या गेटावर कन्नड-मराठी दोन्हीत पाटी : घर भाड्याने देणे आहे. आत नुकताच रंग काढलेला, खिडक्या सताड उघड्या, कोनाड्यात उदबत्ती. घर बघायला आलेला माणूस नळ सोडून बघतो, पंख्याचं बटण दाबतो, पाणी किती दिवसांनी येतं हे तर हमखास विचारतो. नाकाला मात्र कुणी काही विचारत नाही. विचारलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण मार्चच्या दुपारी वास वामकुक्षी घेत असतो. तो जागा होतो जुलैत, आठ-आठ दिवस ऊन नसताना, खिडक्या लावून जेवायला बसल्यावर. तोवर डिपॉझिट देऊन झालेलं असतं, सिलिंडरचा पत्ता बदललेला असतो आणि 11 महिन्यांच्या करारावर सह्याही झालेल्या असतात. वासाचा फेरा पुरा बारा महिन्यांचा. म्हणजे करार संपतो तेव्हाही घराचा एक महिना आपल्याला अनोळखीच राहतो.

म्हणून घर बघायला जाताना मालकांना आधी कळवून जाऊ नये. घर बंद असतं तसंच उघडून घ्यावं, आणि दार उघडल्यावर पहिले चार श्वास तोंड मिटून घ्यावेत. त्या चार श्वासांनंतर नाकाच्या साक्षीला अर्थ उरत नाही. निपाणीत तंबाखूच्या वखारीशेजारी राहणाऱ्याला तंबाखूचा वास येत नाही, पाहुणा गल्लीच्या तोंडाशीच शिंकतो. राहत्या घरातला वास शोधायचा तर दारं-खिडक्या लावून दोन-तीन तास बाहेर जावं, आणि परत आल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधी एकेका खोलीत उभं राहावं. आधी गुडघ्याच्या उंचीवर, मग डोक्याच्या. वास किती वाजता आला, तेव्हा वरच्या मजल्यावर कुणी पाणी सोडलं होतं का, वॉशिंग मशीन चालू होतं का, पाऊस होता का, हे कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवावं. पंधरा दिवसांच्या नोंदी प्लंबरच्या निम्म्या तर्कांना गप्प करतात.

लोक नेमकं हेच करत नाहीत. लोक डांबराच्या गोळ्या आणतात. बेसिनच्या जाळीवर डांबराच्या गोळ्या ठेवणाऱ्यांबद्दल मनात अढी धरावी, अशा मताचा मी आहे. गटाराचा वास जात नाहीच, वर ठेवणीतल्या शालूचा वास येतो. उदबत्ती घरात असावी, पण ती पेटवून मोरीच्या जाळीशी धरायला. पंखे बंद करून धूर बघायचा. सरळ वर गेला तर ठीक. जाळीकडून खोलीकडे ढकलला गेला तर खालची हवा घरात येते आहे. तपास पुरा झाला.

जुन्या घरांना हा त्रास असा नव्हता. शहापूर, वडगावकडच्या घरांत न्हाणी परसात किंवा अगदी मागच्या सोप्याला. तांब्याचा बंब, त्यात ढलप्या, आंघोळीला बसायला दगड, आणि दगडाच्या कडेनं भिंतीतल्या भोकातून बाहेर धावणारं पाणी. ते अळवाला आणि केळीला जायचं. लहानपणी त्या भोकाला बोळा लावून न्हाणीचं तळं करायचं आणि ‘पाणी तुंबलंय कशानं गं’ अशी आतून हाक आली की बोळा उपटून साळसूद उभं राहायचं, हा उद्योग ज्यानं केला नाही त्याचं बालपण जरा कोरडंच गेलं म्हणायचं. धूर, शिकेकाई, ओला दगड असे वास होते, पण ते घराबाहेर होते. पुढे न्हाणी घरात आली, संडास झोपायच्या खोलीला चिकटला, आणि सगळ्यांच्या पोटातून एकच पाइप गटारापर्यंत गेला. आता गटार आणि माजघर यांच्यामध्ये उभं आहे ते 50 मिलिमीटर पाणी. दोन इंच.

हे दोन इंच म्हणजे जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी. सांडपाणी जातं, पण मागे थोडं अडकून राहतं आणि खालची हवा वर येऊ देत नाही. वापरात नसलेल्या मोरीतलं पाणी उडून जातं, एप्रिल-मेच्या उन्हात लवकरच. सुट्टीला गोव्याकडे किंवा गावी महिनाभर राहून आल्यावर कुलूप काढताच जो भपकारा येतो, त्याचं कारण बहुधा एवढंच. एकेक बादली पाणी ओतावं, खिडक्या उघडाव्यात, तासाभरात घर माणसात येतं. जाण्यापूर्वीच प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतून वर चार चमचे लिक्विड पॅराफिन सोडलं, तर पाण्यावर तवंग धरतो आणि ते उडत नाही. औषधाच्या दुकानात मिळतं. गोडेतेलही चालतं, पण ते पुढे खवट होतं आणि एका वासाच्या बदली दुसरा येतो.

दुसरा गोंधळ वाटीचा. बऱ्याच घरांत जाळीखाली उलटी बसवलेली एक वाटी असते. तिच्या कडा पाण्यात बुडलेल्या असतात, तीच हवेची अडवणूक. पण तिच्यात केस आणि साबणाचा चिकटा अडकतो, पाणी हळू जातं, मग कुणीतरी ती काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतं. पाणी धो-धो जायला लागतं, सगळे खूश. दोन दिवसांनी वास, झुरळं आणि चिलटं एकदम येतात. वाटी कट्ट्यावरच असते, धूळ खात. ती घासून परत जागेवर ठेवायला दोन मिनिटं लागतात. तेवढ्या कामासाठी लोक फिनेलचे कॅन रिते करतात.

किती मोऱ्या, किती बेसिनं, त्यातलं नेमकं कोण हे कळत नसेल तर रात्री झोपण्यापूर्वी प्रत्येक तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी चिकटपट्टीनं घट्ट बसवावी आणि सकाळी एकेक पिशवीचा कोपरा उचलून हुंगावं. गुन्हेगार सापडतो. बेसिन असेल तर वरच्या कडेखालचं ओव्हरफ्लोचं भोक विसरू नये. तिथं ब्रश कधीच पोचत नाही आणि आत काळी साय धरलेली असते. बाटली धुवायचा बारीक ब्रश, साबण आणि कोमट पाणी पुरतं. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस बघण्याची हौस ज्याला असेल त्यानं बघावा. दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात, उरतं ते खारट पाणी. नुसता सोडा टाकून गरम पाणी सोडलं तर तेलकटपणा जरा तरी निघतो. उकळतं नको, पीव्हीसीचा पाइप मऊ पडतो आणि सांधे सुटतात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एका दिवशी एका मोरीत कधीही नको. त्यातून क्लोरीन सुटतो, आणि बंद न्हाणीत तो छाती भरून टाकतो.

स्वयंपाकघरातल्या सिंकखाली एकदा टॉर्च घेऊन वाकावं. सव्वा इंची वळ्यांचा वेस्ट पाइप भिंतीतल्या दोन इंची पाइपात नुसता खोचलेला दिसेल. भोवतीच्या फटीत कुणी पांढरं सिमेंट भरलेलं असेल तर त्याला भेग गेलेली असेल, कारण खरकटी भांडी पडली की पाइप हलतो आणि सिमेंटला हलता येत नाही. तिथं रबराचा बुश, म्हणजे फट भरणारं कडं, बसवावा. तो पाइपाबरोबर हलतो आणि घर सोडताना काढून नेताही येतो. वेस्ट पाइपाला खाली वळवून पुन्हा वर आणावं आणि पट्टीनं बांधावं, म्हणजे त्या वळणातही दोन इंच पाणी राहतं. फार खोल वळण दिलं तर आमटीचा गाळ तिथंच मुक्काम करतो.

कधी दोष मोरीचा नसून पाण्याचाच असतो. बोअरचं पाणी, आणि गरम नळातूनच सडक्या अंड्याचा वास. पेलाभर पाणी घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन हुंगावं. पेल्याला वास नसेल तर मोरी, असेल तर गिझर. गिझरच्या टाकीत गंजू नये म्हणून मॅग्नेशियमचा दांडा असतो, त्याच्या आणि पाण्यातल्या जिवाणूंच्या संगतीनं हा वायू तयार होतो. टाकी रिकामी करून पुन्हा भरली आणि ते पाणी 60 अंशांच्या वर तापवून टाकी धुतली की काही दिवस बरं वाटतं. वास परत आला तर दांडा बदलायला मेकॅनिक लागतो.

ओलीचा वास वेगळा, सर्द, गादीत बसणारा. खानापूरकडच्या जांभ्याच्या किंवा मातीच्या जुन्या भिंतीला चुना असतो तोवर ती ओल पिते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि ऑइल पेंट चढवला की ओल आत कोंडते. भाड्यानं देण्यापूर्वी हौसेनं काढलेला चकचकीत रंग म्हणूनच संशयास्पद. भिंतीवर फूटभर प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. आतून पाणी धरलं तर ओल भिंतीची, बाहेरून धरलं तर घरातल्या हवेची. पहिलीला मालक लागतो. दुसरीला कपाट भिंतीपासून चार इंच पुढे ओढणं आणि वाळायचे कपडे घराबाहेर नेणं.

मेलेल्या उंदराबद्दल काय सांगावं? विष खाल्लेला उंदीर पाणी प्यायला बाहेर जाऊन मरतो, ही दुकानदाराची समजूत. तो माळ्यावर नाहीतर फॉल्स सीलिंगमध्ये मरतो, आणि घर दोन-तीन आठवडे शिक्षा भोगतं. निळ्या-हिरव्या माशा कुठल्या फटीशी घोंगावतात ते बघावं. विषापेक्षा पिंजरा बरा, तेवढंच.

शाकाहारी घरात बांगड्याचा वास आला तर शेजाऱ्यांवर घसरू नये, आधी प्लग आणि स्विचबोर्ड बघावेत. तापलेलं प्लॅस्टिक मासळीसारखं घमघमतं. मेन स्विच बंद करावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावं. गॅसच्या वासाला मात्र हुंगत बसायला वेळ नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडी, कुठल्याही बटणाला हात नाही, आणि बाहेर येऊन 1906 ला फोन. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो.

राहिला घरमालकांचा प्रश्न. वरच्या मजल्यावरच्या काकूंना जिन्यात गाठून ‘न्हाणीतनं वास यायलाय बघा’ म्हटलं की उत्तर ठरलेलं : ‘पावसाळ्यात सगळ्यांच्याच घरात येतोय की. फिनेल घाला थोडं.’ कारण त्यांना खरंच वास येत नसतो, त्या तिथं वीस वर्षं राहतात. वासाची तक्रार करूच नये. वस्तूची करावी. ‘काकू, सिंकच्या पाइपाचा सांधा उघडा पडलाय, रबर बसवायला पाहिजे. भिंतीबाहेरचं मी बघतो, भिंतीतलं तेवढं तुम्ही बघा,’ असं म्हटलं की चहा येतो आणि प्लंबरही येतो.

आणि हे सगळं करूनही वास अंगणातूनच येत असेल, तर सेप्टिक टाकीकडे बघावं. तिचा हवेचा पाइप छपराच्या वर गेलेला आहे का, त्याच्या तोंडाची जाळी कचऱ्यानं बुजली आहे का. टाकी भरली असेल तर सक्शनची गाडीच बोलवावी. कुणी पाचशे-हजारात माणूस आत उतरवून देतो म्हणाला तर त्याला गेटाबाहेर काढावं. 2013 च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं गुन्हा आहे. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड वायू अगदी थोडा असतो तेव्हा त्याचा वास सडक्या अंड्यासारखा येतो. हवेच्या दहा लाख भागांत तो 100 भागांच्या आसपास गेला की काही मिनिटांत नाकच बंद पडतं. आत उतरलेल्याला वाटतं, वास गेला. वर उभ्या असलेल्यालाही तसंच वाटतं, म्हणून आतला कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि पुष्कळदा तोही वर येत नाही.