पिसदुऱ्याला जाताय? मग गाडीभाडं आणि काळी माती, दोन्ही समजून घ्या

कोल्हापूरहून चंद्रपूर जिल्ह्यात ‘डायनोसॉर बघायला’ जाणाऱ्यांनी आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाकावी. पिसदुऱ्यात बघायला कडा नाही, गुहा नाही, पुतळा नाही, तिकीटखिडकीही नाही. आम्हाला दाखवलेल्या व्हिडिओत हाडांचा सडा पडला होता. प्रत्यक्षात आहे ती सपाट शेतजमीन, मध्येच लालसर मातीचा पट्टा आणि जरासा उंचवटा.

पण हाच तो लामेटा, डायनोसॉरचे अवशेष ज्यात सापडतात तो खडकांचा थर. जबलपूरजवळच्या लामेटा घाटावरून हे नाव पडलं. क्रिटेशस, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या काळाच्या अखेरीस नद्या आणि तळ्यांनी आणून टाकलेला गाळ, वाळू, चिकणमाती आणि चुनखडी, आणि त्यावर नंतर पसरलेला दख्खनचा लाव्हा. पन्हाळ्यावर आपण ज्या बेसाल्टवर चढतो तो याच लाव्ह्याचा. आपल्या जिल्ह्यात मात्र त्याच्या खाली लामेटा शोधू नका. दक्षिणेकडे बेसाल्ट संपतो तिथे कलादगीचे वाळूखडक लागतात, आणि ते डायनोसॉरच्या कितीतरी आधीचे आहेत.

महाराष्ट्र एक्सप्रेसने वर्ध्याला उतरायचं, तिथून जाम आणि मग चंद्रपूरच्या एसटीने वरोरा. ह्यात सांगण्यासारखं काही नाही. ताडोबा आणि आनंदवन छान झालं, त्यावर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय.

खरी लूट वरोऱ्यात झाली. जीपवाल्याने ‘जाऊन-येऊन दोन हजार’ सांगितले आणि परतताना थांबण्याचे वेगळे मागितले. आमच्या काकींनी भर चौकात त्याचा हिशेब काढला तेव्हा गडी नरमला, तरी पाचशे गेलेच. गाडीत बसण्याआधी थांबण्याचे तास धरून एकूण रक्कम ठरवा आणि सगळ्यांसमोर वदवून घ्या. वाटेत एकाने ‘डायनोसॉरचं अंडं’ म्हणून गोल दगड पुढे केला. साधा गोटा होता. घेऊ नका.

आता ती वाट. आदल्या रात्री पाऊस झाला होता. गावापासून शेतापर्यंत जेमतेम अंतर, पण ती कन्हार, म्हणजे काळी चिकट माती बुटांना अशी चिकटते की दहा पावलांत प्रत्येक पाय पाच किलोचा होतो. सांधण व्हॅली केलेले आमचे दोन पैलवान इथे बांधावर बसून शिव्या देत होते. पाऊस झाला असेल तर दोन दिवस वरोऱ्यातच थांबा, नाहीतर येऊच नका. भिजलेल्या रानात तुडवत गेलात तर शेतकऱ्याचं नुकसान होतं ते वेगळंच. पीक उभं असेल तर विचारल्याशिवाय बांध ओलांडायचा नाही.

आणि एवढं करून काय मिळतं? शेण! लाल मातीत पडलेले शेणाचे दगड झालेले गोळे. मी हे थट्टेने म्हणत नाही. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पिसदुऱ्याच्याच अशा गोळ्यांत गवताच्या पेशींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले. डायनोसॉरच्या काळात गवत होतं आणि ते खाल्लंही जात होतं, ह्याचा तो पुरावा. एक गोळा सापडला तेव्हा मातीचा सगळा राग उतरला, आम्ही आलटून पालटून भिंगातून बघत राहिलो. फोटो काढा, होता तिथेच ठेवा. खिशात घालणाऱ्याला सोबत नेऊ नका.

हाडांचाच हट्ट असेल तर इथे पैसे घालवू नका. जवळच्या डोंगरगावला सापडलेल्या इसिसॉरस या डायनोसॉरची हाडं केव्हाच कोलकात्याला, भारतीय सांख्यिकी संस्थेत गेली. त्याचं नावही त्याच संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आलंय.

लहान पोरं नेऊ नका, ती कंटाळतात. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, जुने बूट, बुटांची माती खरवडायला काठी आणि माणशी तीन लिटर पाणी घ्या. हातोडा घरी ठेवा. एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत शेतातून बाहेर पडा, सावलीला झाड मिळत नाही.